शेरा

कंपनीने दिलंय हे, हातात मावणारं.
कडांना रबर, पाठीवर चिकटपट्टीने डकवलेला
माझा नंबर, ४४१७.
पडलं तरी फुटत नाही म्हणतात.
फुटलं तर पगारातून.

बिबवेवाडी, स्नेहवर्धिनी सोसायटी, बी विंग.
लिफ्ट दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे अडकलीय.
आत माणूस नाही, उकिडवे काकूंची पिशवी आहे.
आधी पिशवी आत ठेवली, चप्पल नीट करायला वाकल्या
आणि दार मिटलं.
"मेथी आहे हो तीत," काकू म्हणतात,
जसं काही मेथीला मीच कोंडलंय.

गच्चीवर, मशीनरूमच्या दारात, चार काड्या रेंज.
पॅनेलवरच्या पट्टीला लाल उजेड दाखवला
की बाणेरच्या एका काचेच्या इमारतीतून
(मी तिथं गेलेलो नाही, गेटवर पास लागतो)
या लिफ्टचं सगळं आयुष्य
माझ्या तळहातावर उतरतं:
बसवली कधी, दोर कधी बदलला,
ब्रेकचे बूट किती वेळा घासले.
माझ्या बापाचा रक्तदाब
कुणी इतका नीट टिपून ठेवला नव्हता.

कॉन्टॅक्टर जळलाय.
भोसरी गोडाऊन, शिल्लक: ३.
फोन लावला. वाबळे म्हणाले,
"पडद्यावर आहेत ना तीन?
मग पडद्यातनंच काढ."

बॅगेत जुना एक होता, तो साफ करत बसलो.
जळका उघडला तर आत
दोन तांब्यांच्या मधे एक पाल,
वाळून कागद झालेली, शेपूट शाबूत.

बिघाडाचं कारण निवडा:
विद्युत. यांत्रिक. वापरणाऱ्याची चूक. नैसर्गिक आपत्ती.
पाल नाही.
आपत्तीवर बोट जरा रेंगाळलं.
मग 'इतर' दाबलं
आणि 'इतर'च्या खाली
आधीच्यांचे शेरे उघडले, एकाखाली एक:

पाल. साफ केलं. मुलाणी.

परत पाल. खालच्या भोकातून येते. बोळा घातला. मुलाणी.

बोळा उंदराने नेला. तिसऱ्यावर चहा मिळतो, साखर कमी सांगा. मुलाणी.

नावापुढे करड्या अक्षरात: निष्क्रिय.

मेन बंद कर, मग किल्ली स्वतःच्या खिशात,
दुसऱ्याच्या खिशात किल्ली म्हणजे
दुसऱ्याच्या खिशात आपला जीव,
हे मला मुलाणींनी शिकवलं,
पहिल्याच दिवशी, कानाला धरून.
हे यंत्र आलं आणि सहा महिन्यांत
त्यांची सरासरी निघाली:
एका कॉलला एक तास अठ्ठावीस मिनिटं.
विभागात सगळ्यात जास्त.
साहेबांनी तक्ता भिंतीवर लावला होता, रंगीत.
भोकं बुजवण्याचा वेळ त्यात वेगळा दाखवत नाहीत.
आता कासेवाडीत मिक्सर दुरुस्त करतात.
निष्क्रिय म्हणे.

मी खाली गेलो. पार्किंगमागच्या भंगारात
कुणाच्या तरी खिडकीची जाळी पडली होती,
तिचा हातभर तुकडा कापला,
वर येऊन भोकावर चार स्क्रू मारले.
तोवर हातातलं दोनदा किणकिणलं:
वेळ संपत आली, कॉल बंद करा.

लिफ्ट हलली. मेथी तिसऱ्यावर पोचली,
जराशी मान टाकून.
"चहा घ्या," काकू.
"साखर कमी," मी.
"तुम्हाला कसं कळलं मी गोड करते?"
"लिहून ठेवलंय, काकू."
त्या स्वयंपाकघरातूनच विचारत होत्या, कुणी, कुठे,
आणि मी त्यांच्या दारातल्या स्टुलावर
अंगठ्याने एकेक अक्षर दाबत होतो.
साठ अक्षरांत बसवायचं असतं.

पाल. भोकाला जाळी ठोकली. मुलाणींचं बरोबर होतं.

जिन्यात रेंज नव्हती.
पाठवत आहे, पाठवत आहे, गोल फिरत राहिलं
दुसरा मजला, पहिला मजला,
मीटरच्या पेट्या, सायकली.
गेटपाशी एक काडी आली
तेव्हा वॉचमन नोंदवही पुढे सरकवत होता:
नाव, वेळ, काम काय.